एका हाताने पूजा, दुसऱ्या हाताने कोयता?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही पुण्यातल्या एका कंपनीच्या सामाजिक निधीतून पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर ५,००० झाडं लावायची म्हणून एप्रिलमध्ये जागा बघायला गेलात. वारली निसर्गपूजक असतात असं वाचून गेला होतात. तिथे पाहिलंत तर बांधावरची ऐनाची झाडं फांद्या छाटून थोटी उभी होती, शेतात पालापाचोळ्याचे थर जळत होते आणि धूर पार पाड्यापर्यंत आला होता. एका म्हाताऱ्या बाबांना तुम्ही विचारलंत, "झाडाला देव मानता आणि तोडताही?" तर ते नुसते हसले. आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे निसर्गपूजक प्रकरण खरं आहे की शहरातल्या लोकांनी रंगवलेलं चित्र. आणि या लोकांना झाडं लावायला "तयार" कसं करायचं.

दुसरा प्रश्नच मुळात चुकलाय असं माझं मत आहे. पण त्याकडे शेवटी येतो, कारण पहिल्याचं उत्तर नीट लागलं तर दुसरा आपोआप बदलेल.

आधी माझ्याबद्दल. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात मी २६ वर्षं काम करतोय. सुरुवात रोपवाटिकेपासून झाली, मग गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्या केल्या आणि २००८ नंतर जास्त वेळ वनहक्काच्या, म्हणजे रानावरचा लोकांचा हक्क कायद्याने मिळवायच्या दाव्यांत गेला. मी वारली नाही. इतकी वर्षं ओसरीवर बसून चहा प्यायलो म्हणून घरातला झालो असा माझा समज नाही. वारली तरुण-तरुणी आता स्वतः लिहितात, बोलतात. माझं काही त्यांच्या म्हणण्याशी जुळलं नाही, तर त्यांचं खरं धरा.

तर मुद्दा असा. "निसर्गपूजक" या शब्दात दोन शब्द आहेत आणि दोन्ही आपले आहेत, त्यांचे नाहीत. पाड्यावर रोजच्या बोलण्यात मी "निसर्ग" हा शब्द कधी ऐकला नाही. शाळेत गेलेली पोरं सोडून. रान म्हणतात, डोंगर म्हणतात, माळ, ओहोळ, धरतरी म्हणतात. या सगळ्याला एका पिशवीत घालून आपण जे "निसर्ग" म्हणतो, म्हणजे माणूस वजा जाता जे उरतं ते, तसा हिशोबच तिकडे नाही. आणि "पूजा" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हात जोडणं, लांब उभं राहणं, न शिवणं येतं. देवघरातल्या मूर्तीला आपण कामाला लावत नाही. म्हणून आपल्याला वाटतं की झाड देव असेल तर त्याला कोयता लागता कामा नये.

वारल्यांची कणसरी बघा. कणसरी म्हणजे धान्याची देवी. भगत घांगळी घेऊन बसतो (दोन भोपळ्यांचं, तारेचं वाद्य) आणि कणसरीची कथा गातो. हीच देवी कापायची, झोडायची, कांडायची, शिजवून खायची. यात कुणालाही विसंगती दिसत नाही. खरं तर आपल्यालाही दिसू नये; "अन्न हे पूर्णब्रह्म" म्हणून आपण पानावर बसतोच की. मला इतक्या वर्षांत जे कळलं ते असं, की तिथला देव हा ज्याच्याशी आपलं देणंघेणं चालू आहे असा कुणीतरी आहे. ज्याच्याकडून घेतो त्याला विचारायचं, त्याची वेळ सांभाळायची, त्याचा वाटा त्याला द्यायचा. घ्यायचंच नाही असा नियम नाही. न विचारता आणि अवेळी घ्यायचं नाही, असा आहे.

हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, एका रकान्यामुळे कळलं. जैवविविधता कायदा २००२चा. त्याखाली गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. आम्ही जे तक्ते घेऊन गेलो होतो त्यात वनस्पतीचं नाव, आढळ, उपयोग आणि मालकी असे रकाने होते. नावं धडाधड आली, उपयोगही आले. मालकीपाशी गाडी अडली. पाड्यामागच्या टेकडीवरचा एक जुना मोह. मी विचारलं, हा कुणाचा? एक आजोबा म्हणाले, फुलं अमक्याच्या घरची. बरं, मग मालक तेच लिहू? म्हणाले, नाही, फुलं त्यांची. झाड? झाड हिरव्याचं. हिरवा हा त्यांचा देव. मग लाकूड कुणाचं? यावर ते जरा वैतागले. "ते पडल तेवा बघू." पडलेलं लाकूड, उभं झाड, फुलं, खालची सावली, सावलीत उगवणारी भाजी, प्रत्येकाचा हिशोब वेगळा होता. माझ्या रकान्यात जागा होती दीड इंच. मी तिथे "सामूहिक" असं लिहिलं आणि पुढे गेलो. ते चूक होतं हे मला चार-पाच वर्षांनी, वनहक्काच्या मोजणीत भांडणं निघाली तेव्हा कळलं.

आता वेळेबद्दल. पहिला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत रान खाण्याजोगं होतं. शेवळं (रानसुरणाच्या जातीच्या कंदाचे कोवळे कोंब) निघतात, कोळीची पानं निघतात, मग लोत, टाकळा, पुढे करटोली, भारंगी, चाईचा मोहर. कोळी म्हणजे सफेद मुसळीच्या जातीच्या कंदाची लांबट कोवळी पानं. ही भाजी डोळ्यांसमोर उगवलेली असते, मागचे दोन महिने घरात नागलीची (नाचणीची) भाकरी आणि सुकट याखेरीज फारसं काही नसतं, आणि तरी ती कुणी खुडत नाही. आधी देवाला आणि गेलेल्या पितरांना कोळीचा नैवेद्य दाखवायचा, मगच घरात शिजवायची. पुढे भाताच्या वेळी हेच पुन्हा होतं. नवं भात, नवी काकडी देवाला दिल्याशिवाय तोंडात घालायची नाही. तारप्याचंही तसंच. पावसाळी कामांत तारपा वाजत नाही. भात पिकायला लागलं की त्याचा आवाज पाड्यावरून पाड्यावर जायला लागतो.

वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माझ्या एका सहकाऱ्याने याचा लगेच अर्थ लावला: पहिली पानं खुडली नाहीत की कंदाला बळ मिळतं, म्हणजे हे संवर्धनच. असेल. काही ठिकाणी तसा फायदा होतही असेल. पण मी या वाटेने फार पुढे जात नाही. प्रत्येक रीतीखाली विज्ञान लपलंय असं दाखवायची आपल्याला घाई असते, जणू त्याशिवाय ती रीत मान्यच करता येत नाही. आजी कंदाचा विचार करून थांबत नव्हती. पितर उपाशी असताना आपण कसं खायचं, हा तिचा विचार होता. दोन्हींचा परिणाम कधी एक येतो, कधी येत नाही. त्यावर पुढे लिहितो.

आता तुम्ही पाहिलेल्या धुराबद्दल, कारण तुमचं मन तिथेच अडकलंय.

त्याला राब म्हणतात. भाताचं किंवा नागलीचं रोप ज्या तुकड्यात वाढवायचं तेवढाच तुकडा भाजतात, अख्खं शेत नाही. खाली शेणाचा थर, त्यावर कवळ म्हणजे छाटलेल्या फांद्यांचा वाळलेला पाला, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यात वर चाळल्यासारखी बारीक माती. ही माती कशाला, तर आग भडकू नये म्हणून. वारा पडलेला असताना, वारा जिकडे जातो त्या बाजूने पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट सरकते आणि धुमसत राहते. चांगला राब जळत नाही, भाजतो. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या उतारावर पहिल्या चार सरींत तण रोपाच्या पुढे जातं, आणि बेणणीला (तण काढायला) माणसं नसतात. राबाचं गणित एवढंच आहे.

ऐन थोटे दिसले असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी जवळ जाऊन बघा. शेंडा ठेवलेला असेल. छाटलेल्या जागी जुन्या गाठी असतील, एकावर एक. म्हणजे तेच झाड वर्षानुवर्षं फांद्या देतंय. मी ज्यांच्याबरोबर चढलो (एकदाच चढलो, पुन्हा हिंमत केली नाही) ते गृहस्थ एक वर्ष एका बाजूचे ऐन घेत, पुढच्या वर्षी दुसऱ्या. मोहाला, आंब्याला कोयता लावत नसत. चढण्याआधी बुंध्याला हात लावून काहीतरी पुटपुटले. मी विचारलं काय म्हणालात, तर म्हणाले, "काय नाय. येतो म्हनलं."

हा "येतो म्हनलं" मला आजवर वाचलेल्या सगळ्या व्याख्यांपेक्षा उपयोगी पडलाय.

आणि राबावरून आदिवासींना जंगलतोडे म्हणणं आजचं नाही. १८७८च्या वन कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि राबासाठी फांद्या तोडणं गुन्हा ठरू लागलं. ओरड एवढी झाली की १८८०च्या दशकात सरकारला ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याच काळात जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि तिथले मूळचे कसणारे वेठीला लागले. १९४५ साली तलासरी-डहाणूचे वारली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर उभे राहिले ते वेठीविरुद्ध, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्यांच्या सुटकेसाठी. निसर्गाशी एकरूप, भोळा, नाचणारा वारली हे भिंतीवरचं चित्र छान आहे, पण त्यात ही माणसं कुठे दिसत नाहीत. तुम्ही "रंगवलेलं चित्र" म्हणालात, ते या अर्थाने बरोबर आहे.

वाघाबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. आश्विन वद्य द्वादशीला तुमच्या-माझ्या घरी वसुबारस असते, गाय-वासराची पूजा. त्याच तिथीला डोंगरात वाघबारस असते. वारली, महादेव कोळी, ठाकूर, सगळे पाळतात. वाघोबाचा दगड किंवा लाकडी फळी असते. फळीवर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. शेंदूर लावतात, नारळ किंवा कोंबडं देतात. पुढाकार गुराख्यांचा. हे लक्षात घ्या, कारण वाघाशी किंवा बिबट्याशी रोजची गाठ त्यांचीच. महादेव कोळ्यांच्या एका गावात मी पाहिलेल्या वाघबारसेला एक पोरगा वाघ झाला होता आणि बाकीची पोरं काठ्या आपटत त्याला शिवेपर्यंत पळवत होती, "आमच्या शिवाराला येशील का?" असं विचारत. तो हुलकावण्या देत होता. शेवटी "नाही येणार" असं त्याच्याकडून वदवून घेतलं, तेव्हा सोडलं. आणि मग त्याच पोराला सगळ्यांच्या आधी जेवायला वाढलं.

यात प्रेम किती, भीती किती, करार किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. वाघोबा रागावला तर शेळी नेतो, आणि तो का रागावला याची चर्चा होते: यंदा त्याचं द्यायचं राहिलं होतं का? मुंबईत आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वारली पाड्यांवरही वाघोबा आहे, बिबटे आहेत आणि शेजारी बारा-पंधरा मजली इमारती आहेत. इमारतीत बिबट्या शिरला की वनखात्याला फोन जातो, "घेऊन जा याला". पाड्यावर बिबट्या दिसला तर लहान पोरांना आत घेतात, कुत्रं बांधतात आणि तो गेला की आपापल्या कामाला लागतात. पाड्यावरची माणसं काही जास्त शूर नाहीत. तो इथला आहे, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. शेळी गेली तर शिव्याही भरपूर घालतात, ऐकण्यासारख्या असतात.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मीही शेवटी आरतीच ओवाळतोय. तर ओवाळत नाही. वलगणीचे मासे घ्या. पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर अंड्यांनी भरलेले मासे ओहोळातून वर शेतात चढतात आणि अख्खा पाडा कंदील, काठ्या, येंड्या घेऊन रात्रभर ते मारतो. अंडी घालायच्या आधी. कोकणात बिगर-आदिवासीही हेच करतात, पण म्हणून ते बरं ठरत नाही. उन्हाळ्यात डोहात गेळ्याची फळं कुटून टाकली की लहान-मोठे सगळे मासे वर येतात. गलोलीने पाखरं मारतात. काही रानं सकाळी सुन्न वाटतात ती त्यामुळेच. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातली एखादी आग सुटून डोंगर चढते. यातलं काहीही "परंपरेत विज्ञान" म्हणून झाकण्याजोगं नाही. एका आजोबांना मी वलगणीचं बोललो होतो. ते म्हणाले, पूर्वी पुष्कळ चढायचे, मारून मारून किती मारणार. आता ओहोळावर खाली बंधारा झालाय, वर खताचं पाणी येतं, मासे मुळात दहा. रीत तीच राहिली, पण तिच्याखालचा हिशोब बदलला, आणि तो नव्याने कुणी मांडला नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाती खरी आहेत, नियम खरे आहेत, आणि त्या नियमांनी रान प्रत्येक वेळी वाचतंच असं नाही. रान वाचवणं हा त्या नियमांचा हेतू नव्हता. नातं टिकवणं हा होता.

आता हे सगळं कशाकशावर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं.

वारली म्हणजे एकसाची लोक नव्हेत. त्यांच्यातच दावर, मुरडे, निहिरी असे भेद आहेत. डहाणूचा किनाऱ्याजवळचा वारली आणि मोखाड्याच्या घाटाखालचा वारली यांच्या देवांची नावं सारखी असली तरी दिवस वेगळे असतात. शेजारच्या पाड्यावर कोकणा, कातकरी किंवा महादेव कोळी असतील तर रीत आणखी बदलते. माळकरी झालेल्या घरात कोंबडं पडत नाही, तिथे वाघोबाला नारळावर भागवतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्थलांतर. भात झोडून झालं की निम्मा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, रेतीवर, इमारतींच्या कामावर जातो. काही घरं होळीला येतात, काही थेट पावसाच्या तोंडावर. रानाशी वेळेचा करार पाळायचा तर त्या वेळी तिथे असावं लागतं. ज्या पोराने चार वर्षं भट्टीवर उन्हाळा काढला, त्याला राबासाठी कुठला ऐन यंदाचा आणि कुठला पुढच्या वर्षीचा हे कसं कळणार? तो हाताला येईल तो तोडतो. तुम्हाला खरोखरच उघडाबोडका झालेला ऐन दिसला असेल, तर त्यामागे बहुतेक हे कारण आहे.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत चित्र आणखी वेगळं. तिथल्या गोंडांत कुळांचे देव, कुळांची झाडं-प्राणी असा मोठा पसारा आहे. जंगलही मोठं आहे. मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकारही. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. मला तिथे शिकायला मिळालं ते एवढंच, की नातं कितीही जुनं असलं तरी हातात अधिकार नसेल तर ते पाळता येत नाही. ज्या रानात तुमच्या शब्दाला किंमत नाही, ज्याची तोड दुसराच कुणी ठरवतो, तिथे "यंदा नको, पुढच्या वर्षी" असं म्हणून उपयोग काय? आज मी नाही घेतलं तर उद्या ठेकेदार घेईल, हे ज्याला पक्कं माहीत आहे तो आजच घेतो. आपणही तेच केलं असतं.

आता झाडं लावण्याबद्दल. इथे माझीच गोष्ट सांगतो, कारण तुमचा आराखडा वाचताना मला माझा जुना आराखडा आठवला.

कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एका देणगीदार संस्थेचा निधी आला होता, मार्चअखेर खर्च दाखवायचा होता. पाड्याच्या वरच्या अंगाला एक माळ होता, साधारण दहा एकर. कागदावर पडीक. एक बैठक घेतली, पंधरा-वीस पुरुष आले, सगळे "चालेल, चालेल" म्हणाले. मजुरी मिळणार होती, का नाही म्हणतील? एप्रिल-मेमध्ये ओळीने खड्डे घेतले, दीड-दीड फुटांचे, दोरी लावून. मला त्या ओळींचा फार अभिमान वाटला होता. पावसात गिरिपुष्प, शिवण, थोडा साग लावला.

जूनअखेर मी माळावर उभा होतो. एक आजी टोपली घेऊन आल्या, माझ्याशी काही बोलल्या नाहीत, खड्ड्याखड्ड्याने फिरल्या. एका खड्ड्यापाशी बसून त्यांनी कडेच्या उपसलेल्या मातीत हात घातला आणि वाळून सुरकुतलेला एक कंद काढला. मग दुसरा. शेवळाचे होते, कोळीच्या कंदांचे बारके घोसही होते. मी "पडीक" म्हटलेला तो माळ म्हणजे अख्ख्या पाड्याची जूनमधली भाजी होती. आम्ही तिथे नेमके उन्हाळ्यात, कंद जमिनीत झोपलेले असताना, खणलं होतं आणि ते वर काढून उन्हात टाकले होते. आजी म्हणाल्या, "इचारलं असतंस तं सांगतलं असतं." बैठकीला बायका नव्हत्या. मी बोलावलंच नव्हतं.

त्या झाडांपैकी तीन वर्षांनी किती उरली ते सांगत नाही. गुरं सोडली गेली, कुणी मुद्दाम सोडली असं मी म्हणणार नाही. ज्याला कुणी विचारलं नव्हतं, त्याची राखण कुणी करत नाही, एवढंच.

म्हणून तुम्हाला काही गोष्टी सुचवतो. तुमच्या कंपनीच्या तारखांत त्या बसतील का, माहीत नाही. मला तर वाटतं की तारखाच बदलून घ्याव्यात.

यंदा खड्डे घेऊ नका. यंदा फक्त जा. ज्येष्ठात पहिल्या पावसानंतर, मग भात पिकताना, मग वाघबारसेला आणि पुन्हा राबाच्या वेळी, असं चार वेळा. जागा दाखवायला सरपंचांबरोबर एखादी भाजी वेचणारी बाई आणि एखादा गुराखी पोरगा मागून घ्या. त्यांच्याबरोबर माळ चाला आणि "इथे काय आहे?" यापेक्षा "इथे कधी काय असतं?" असं विचारा. एप्रिलमध्ये काही न दिसणाऱ्या जमिनीत जुलैत काय असतं हे त्यांना झोपेतही सांगता येतं. माळ, वरकस, गायरान, यांतला पडीक नेमका कुठला, हे तेव्हा कळेल. बहुतेक वेळा कुठलाच नसतो.

गावाचा सामूहिक वनहक्क मंजूर आहे का, ते आधी तपासा. असेल तर लावायचं की नाही, काय आणि कुठे, हे ग्रामसभा ठरवेल. तुम्ही निधी घेऊन पाहुणे म्हणून बसायचं. दावा प्रलंबित असेल तर माझ्या मते तुमच्या निधीचा सगळ्यात चांगला उपयोग त्या दाव्याची मोजणी आणि कागदपत्रं करण्यात आहे, जरी त्याचा फोटो काढता येत नसला तरी.

झाडं लावायचीच ठरली तर राबाला उपयोगी ऐन बांधाच्या कडेने लावता येतील का, विचारा. मोह लावायला लोक सहसा नाही म्हणत नाहीत, मात्र तो फुलायला वेळ घेतो. राब कमी करायचा असेल तर गादीवाफ्यावर रोप करून बघायला दोन-चार घरं तयार होतात. काहींना ते जमलं, काही परत राबाकडे गेले. बेणणीच्या वेळी घरात हात किती, यावर ते ठरतं. तिथे उपदेश करू नका. आणि ५,००० हा आकडा कृपया कुणाला सांगू नका. आकडा ऐकला की लोक मजुरी मोजायला लागतात आणि खरं बोलणं थांबतं.

"तयार कसं करायचं" हा प्रश्न चुकलाय असं मी वर म्हणालो, ते यासाठी. त्यांना झाडांसाठी तयार करायची गरज नाही. त्या माळाला आधीच माणसं आहेत, देव आहे, वेळापत्रक आहे. त्यात तुम्हाला जागा आहे का, एवढंच विचारायचं आहे, आणि "नाही" हे उत्तरही येऊ शकतं.

ते म्हातारे बाबा का हसले, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पुढच्या खेपेला त्यांच्याकडेच जा, पण प्रश्न घेऊन नको. ऐनावर चढायच्या आधी ते काय म्हणतात, तेवढं ऐका.

आणि जूनमध्ये गेलात तर कुणीतरी शेवळं हातात देईलच, पाहुण्याला देतात. देताना सोबत काकडं देतात, काकड झाडाची आंबट हिरवी फळं. ती विसरू नका, नसतील दिली तर मागून घ्या. मी पहिल्या वर्षी काकडं न घालता नुसती शेवळं शिजवली होती. दोन दिवस घसा धरून बसलो होतो, आणि पाड्यावर अजून त्यावरून हसतात.